पेटीतल्या मोकळ्या जागा

“आवाज बरो आसा,” बाबली मेस्त्री म्हणाला, “पण हेका घाम खय येता?”

देवळाच्या सभामंडपात हशा पिकला. मैथिली तेंडोलकरही हसली. पुण्याहून इतकी यंत्रं घेऊन आलेल्या मुलीने मनाला लावून घ्यावं असं त्यात काही नव्हतं. कोकणातला माणूस नव्या वस्तूला आधी नावं ठेवतो आणि मगच तिला घरात घेतो.

समोर सतरंजीवर पाटीएवढा संगणक होता, बाजूला दोन स्पीकर आणि गुंडाळून ठेवता येईल असा पातळ कीबोर्ड. प्रोग्रामचं नाव ‘सोबत’. तो पेटीचा आवाज कुठूनही उचलून आणत नव्हता, तर भाता, पत्ती, लाकूड यांचं गणित मांडून तो आवाज तिथल्या तिथे घडवत होता. आणि नुसता घडवत नव्हता, गाणाऱ्याला आपणहून साथही देत होता.

त्याची गरज का पडली, ते हेदूळकर दशावतार मंडळीतल्या कोणालाही सांगावं लागलं नसतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. राजा काय बोलेल, राणी कधी पदाला हात घालेल, हे त्या क्षणी त्यांच्या तोंडातून बाहेर पडतं तेव्हा कळतं. पेटीवाल्याला मात्र ते त्याच्या आधी कळावं लागतं. नटाचा खांदा हलला, पाऊल वळलं, की बोटं पट्टीवर पोचलेली असली पाहिजेत. असे पेटीवाले आता मिळेनात. जिल्ह्यातल्या निम्म्या मंडळ्या भाड्याच्या पेटीवाल्याची वाट बघत जत्रा काढत होत्या. मैथिलीच्या संस्थेने म्हणूनच हेदूळकरांचे पेटीवाले वासुदेव केळुसकर यांना गाठलं होतं. वासूमास्तरांच्या पेटीच्या पट्ट्यांखाली तिने दोन वर्षांपूर्वी, हंगामाच्या सुरुवातीला, केसाएवढी बारीक पट्टी बसवली होती. हात कुठे, कधी, किती जोराने पडला, एवढंच ती टिपायची.

आज त्या मेहनतीचं फळ पहिल्यांदा वाजत होतं, आणि मंडळी त्याची परीक्षा घ्यायला बसली होती. झांजवाल्याला ते गोड वाटलं. मालकांना ते महाग वाटलं. वासुदेवने एक पट्टी दाबली, धरली, सोडली. सूर संपताना भात्यात जो बारीकसा उसासा उरतो, तोसुद्धा त्यात होता.

“माझी पेटी चोरलंस गो,” तो म्हणाला. रागावून म्हणाला की कौतुकाने, ते त्याचं त्यालाही नीट कळलं नाही.

मग बाबलीने मुद्दाम वेडंवाकडं पद म्हटलं. तो पखवाजवाला, गळा त्याचा देवाने घाईत दिलेला. तरी सोबतने त्याला सांभाळून घेतलं. बाबली मध्येच थांबला, सोबत थांबलं. बाबली सूर सोडून भलतीकडे गेला, तर सोबत तिथे आधीच जाऊन बसलेलं.

“मेल्याक कसा कळला?” बाबलीने पखवाजावरचा हात काढून घेतला.

“पाठसून येणारी पेटी मी खूप बघलंय,” वासुदेव म्हणाला. “ही फुडे जावन उभी रवता.”

“अगदी बरोबर, काका,” मैथिली पुढे सरकली. “संगणकाला ऐकायला, हिशेब करायला आणि आवाज बाहेर काढायला थोडा वेळ लागतोच. डोळ्याची पापणी हलावी तेवढा. पण गाणाऱ्याला तेवढाही खुपतो. म्हणून याला अंदाज बांधायला शिकवलं. असं समजा, याच्या आत एक गाणारा माणूस बसलाय. त्याला आवाज नाही. तो खऱ्या गायकाच्या किंचित पुढे मनातल्या मनात गात राहतो आणि सोबत त्याच्या गाण्याला साथ करतं. अंधारात ओळखीचा जिना उतरताना आपला पाय पुढची पायरी आधीच धरून चालतो, तसं. माईकमधून खरं गाणं ऐकू आलं की आतला माणूस आपली चूक दुरुस्त करतो.”

“आणि ह्या आतल्या माणसाक गाणा कोणी शिकवला?” वासुदेवने विचारलं.

“तुमच्या हातांनी. मालकांची अटच होती ना, नटांचा आवाज टिपायचा नाही. मग आम्ही उलटं गणित केलं. हे हात असे वाजतात, इथे थांबतात, इथे भरतात, तर यांच्यासमोर कोण गात असेल? साथीतूनच गायक काढला. ओल्या पावलांवरून चालणाऱ्या माणसाची उंची काढावी तसा.”

एवढ्यात मंदार गरम चहाची किटली घेऊन आला. गजानन परबाचा मुलगा. गजानन म्हणजे हेदूळकरांची स्त्रीपार्टी. तो लुगडं नेसून उभा राहिला की बायका पदराने डोळे पुसायला लागायच्या, तो तोंड उघडण्याच्या आधीच. वासुदेवची पेटी आणि गजाननचा गळा तीस वर्षं एकमेकांना चिकटून राहिले. दोन पावसाळ्यांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत गजानन अंगणात बसल्या बसल्या गेला. त्या कार्तिकात मंदारने बापाची लुगडी नेसली.

पोराचा चेहरा बापाचा होता, गळाही चांगला होता. पण पद सुरू झालं की काहीतरी निसटायचं. मंदार ओळ संपवून पुढची उचलायचा आणि पेटी अजून आलेलीच नसायची. तो बिचकायचा, थांबायचा, तर तोवर पेटी पुढे. लोक समजूतदारपणे माना हलवायचे. बापाची सर नाय, एवढंच म्हणायचे. वासुदेव त्याला समजावून थकला होता. “जरा थांब रे, हय दम धर. तुझो बापूस हय दम धरी.” मंदार मान खाली घालून ऐकायचा. शेवटी त्याने मालकांना सांगून टाकलं होतं की शिमग्यानंतर मंडळी सोडणार. गोव्याहून सुटणाऱ्या बोटीवर नोकरी मिळत होती. आपल्या अंगात गाणं नाही, असं त्याने स्वतःचं स्वतः ठरवून टाकलं होतं. वासुदेवला त्याचं वाईट वाटायचं, पण मनातून तेच खरं असावं असंही वाटायचं.

“आता गंमत दाखवते,” मैथिली म्हणाली. “माईक बंद करते. कोणी गायचं नाही. आतला गायक एकटा असताना सोबत काय वाजवतं ते ऐका.”

तिने पडद्यावर बोट फिरवलं. पेटी सुरू झाली. वनवासाला निघालेल्या राणीचं पद होतं ते, सगळ्यांच्या हातचा मळ. दोन सूर भरून पेटी थांबली. ओळीएवढी शांतता गेली. मग ओळीचं शेपूट पकडून पेटीने एक छोटा भरणा दिला आणि पुन्हा ती थांबली.

कोणी हसलं नाही. बाबलीचे हात आपोआप पखवाजावर गेले आणि ठेका धरला गेला. दुसऱ्या ओळीला पेटी थोडी जास्तच थांबली. ‘वनात’ या शब्दानंतर, श्वास घेऊन, मान डावीकडे वळवून, बघणाऱ्यांना आणखी थोडं ताटकळत ठेवून ओळ उचलावी, तेवढी बरोबर. मग जणू कोणीतरी उचललीच, अशी हलक्या पावलांनी पेटी मागे गेली.

बाबलीचा ठेका तुटला. “वासू,” तो म्हणाला, “हो गजो आसा.”

वासुदेवला ते पहिल्याच ओळीला कळलं होतं. आवाज कुठेच नव्हता. होत्या फक्त मोकळ्या जागा, आणि त्या प्रत्येक जागेत गजानन परब उभा होता, त्याच्या दमासकट, त्याच्या नखऱ्यासकट. आता तो पदर सावरेल, आता कपाळावरचं कुंकू नीट आहे ना ते बोटाने बघेल, असं वाटावं इतका जवळ.

“कोण गजो?” मैथिली गोंधळली. “दोन वर्षं तर मंदारच गातोय ना? मी गजाननकाकांना ऐकलंच नाही कधी. सोबतनेही नाही.”

किटली खाली ठेवल्याचा आवाज झाला. मंदार तिथेच उभा होता.

“म्हणजे दोन वर्सां,” तो सावकाश म्हणाला, “मी गाय होतंय, आणि काका बाबांका साथ करी होते.”

वासुदेवला खोटं बोलण्याची सोय नव्हती. त्याचे हातच सगळं बोलून बसले होते.

“माका वाटला, मी कमी पडतंय,” मंदार म्हणाला. “दर पदाक मी पडय होतंय, काकानू. मी म्हणी होतंय, माझाच चुकता. तुम्ही मधी जागा ठेवलात ती माझी नव्हतीच. तेच्यात मी मावतलंय कसो?”

तो निघून गेला. चहा कोणीच प्यायलं नाही.

बातमी गजाननच्या बायकोपर्यंत, सुनंदावहिनींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या देवळात आल्या. खांबाला टेकून बसल्या आणि मैथिलीला म्हणाल्या, “ता माका ऐकय.” मैथिलीने वासुदेवकडे बघितलं. त्याने मान हलवली.

त्या ऐकत राहिल्या. एका जागी हलकेच म्हणाल्या, “हय तो पाणी मागी.” दुसऱ्या जागी हसल्या. पद संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा, आणि पुन्हा. ऊन पायऱ्यांवरून खाली उतरलं तरी त्या उठल्या नाहीत. वासुदेव शेजारी बसून होता. त्या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस बसलाय, यात त्यांच्यापैकी कोणालाच शंका नव्हती.

“भावजीनू,” जाताना त्या म्हणाल्या, “तुमचे हात सांभाळा हां. आता तो थयच आसा.”

त्या रात्री वासुदेवला झोप आली नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हाताचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं, आणि इतकी भीतीही त्याला कधी वाटली नव्हती. खरं सांगायचं तर तो मंदारबरोबर वाजवायला बसायचा ते मंदारसाठी नव्हेच. पेटी पुढ्यात ओढली की गजो यायचा. एवढं सोपं होतं ते. दोन वर्षं त्याने आपल्या मित्राला मरू दिलं नव्हतं, आणि त्याची किंमत त्या मित्राचाच मुलगा मोजत होता. हे कळूनही त्याचा हात ते सोडायला तयार नव्हता. उशाजवळच्या अंधारात त्याची बोटं चादरीवर हलत होती, थांबत होती, वाट बघत होती.

सकाळी सुनंदावहिनी पुन्हा आल्या, पण देवळात गेल्या नाहीत. वासुदेवच्या अंगणातच उभ्या राहिल्या. डोळे सुजले होते.

“रातभर मी त्या जाग्यांत बसान रवलंय,” त्या म्हणाल्या. “तो येयत, आता येयत म्हणान. येणा नाय, भावजीनू. तो गाणा नाय. फक्त थांबता. ह्या कसला येणा? माझो माणूस असो नव्हतो. तो आसा तेव्हा घर भरान टाकी.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तेका सोडा आता. माझ्या झिलाक, मंदाराक धरा.”

त्यांना चहा घ्यायला सांगायचंही वासुदेवला सुचलं नाही.

दुपारी मंदार देवळात आला, तो मैथिलीने बोलावलं म्हणून. तिच्या मनाला ते लागून राहिलं होतं. आपण गंमत म्हणून जे दाखवलं त्याने एक घर ढवळून निघालं, याची तिला लाज वाटत होती. “माझं एक ऐक,” ती त्याला म्हणाली. “फक्त एकदा सोबतबरोबर गा. माईक चालू ठेवून. काका लांब बसतील.”

वासुदेव खांबाआड बसला. मंदारने राणीचं पद उचललं. पहिल्या ओळीला नेहमीचंच झालं. तो पुढे, पेटी मागे, त्याने बिचकून ओळ सोडली. दुसऱ्या ओळीला थोडं कमी. पद पुन्हा सुरू झालं तेव्हा पेटी त्याच्या जवळ आली होती. माईकमधून खरा माणूस ऐकू येत होता आणि आतला माणूस आपल्या चुका दुरुस्त करत होता. त्यासाठीच तर त्याला बनवलं होतं. त्याला ना मैत्री होती, ना शोक. ‘वनात’च्या नंतरची ती लांब जागा तिसऱ्या खेपेला अर्धी झाली आणि मग मिटूनच गेली. मंदार तिथे थांबत नव्हताच. तो धावत होता. बापाची राणी वनात निघताना वळून वळून बघायची. या मुलाची राणी घर जळत असल्यासारखी निघाली होती, श्वास तोडत, शब्दावर शब्द चढवत. आणि पेटी तिच्या टाचेला टाच लावून निघाली होती.

वासुदेव खांबाआडून पुढे सरकला. पोरगा गात होता. चांगला गात होता. दोन वर्षं त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून आपण त्याला एकदाही ऐकलं नव्हतं.

पद संपलं तेव्हा मंदारच्या कपाळावर घाम होता. तो नुसता संगणकाकडे बघत राहिला.

“काका,” मैथिलीने हळूच विचारलं, “आता याच्यात मंदार बसलाय. कालच्या गायकाची मूळ प्रत माझ्याकडे आहे. ती तुमच्या हातांची आहे, तेव्हा तुम्हीच सांगा. ठेवू?”

वासुदेवने मंदारकडे बघितलं. मंदारने मान फिरवली. हे ओझं तो आपल्या अंगावर घेणार नव्हता, आणि घेऊही नये.

“पुस ती,” वासुदेव म्हणाला.

“नक्की?”

“ती रवली तर मी हय येवन बसतलंय. रोज. माका मी वळाकतंय.” मग मंदारला म्हणाला, “शनिवारच्या प्रयोगाक पेटी मी वाजयतलंय. ह्या यंत्राक जा कळला ता माका कळूक होया. नाय कळला तर माका उठय आणि हेका बसय.”

शनिवारी कुडाळच्या नाट्यगृहात संध्याकाळचा प्रयोग होता. शेवटच्या रांगेपर्यंत लोक भरले होते. मंदार राणीच्या वेशात रंगमंचावरच्या बाकड्याजवळ उभा राहिला, खांदा किंचित हलला, आणि वासुदेवची बोटं सवयीने उठली.

त्याने ती हवेत धरून ठेवली. तीस वर्षांत पहिल्यांदाच पुढे काय येणार ते त्याला माहीत नव्हतं. मंदारने ओळ उचलली आणि पेटी मागाहून गेली, नवशिक्यासारखी, सूर शोधत. लोकांच्या माना वळल्या. वासूमास्तर चुकले, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. त्याचे कान लाल झाले, पण त्याने हात पुढे जाऊ दिले नाहीत. पहिलं पद कसंबसं पार पडलं. त्यात एकदा गजाननची जागा आली. ओळखीच्या दारावरून जाताना पाय घुटमळावा तसा त्याचा हात घुटमळला, आणि मंदारचा सूर तिथे एकटाच पडला.

दुसऱ्या पदाला त्याने डोळे मिटले. मंदारचा श्वास ऐकला. फक्त तेवढाच. तो तोकडा होता, घाईचा होता, जिवंत होता. ‘वनात’ हा शब्द आला. वासुदेवच्या आत कोणीतरी मान डावीकडे वळवायला लागलं. “गजा, माका जावक होया,” तो पुटपुटला आणि त्याने हात पुढे टाकला. पेटी मंदारच्या सुराखाली जाऊन बसली, थेट, मधे बोटभरही जागा न ठेवता. मंदारने चमकून त्याच्याकडे बघितलं आणि मग तो असा काही सुटला की बाबलीला पखवाजावर त्याला गाठताना नाकीनऊ आले. टाळ्या पडल्या. वासुदेवला त्या ऐकू आल्या, पण लांबून आल्यासारख्या.

प्रयोग संपल्यावर मंदार रंग पुसत त्याच्याजवळ येऊन बसला. बोटीची गोष्ट त्याने काढली नाही. “काकानू, पैल्या पदात सूर जरा वर घेवया पुढच्या टायमाक,” म्हणाला. वासुदेव “घेवया” म्हणाला.

सकाळी बाबली त्याच्याकडे आला तेव्हा वासुदेव ओटीवर पेटी घेऊन बसला होता. राणीचंच पद होतं. दोन सूर भरून तो थांबला. शांतता गेली. तो वाट बघत होता. मग बोटं आपोआप पुढे सरकली, मंदारच्या चालीने, भराभर. त्याने हात झटकला, परत सुरुवात केली, परत थांबला. पुन्हा तेच. शांतता नुसती शांतता होती. शेजारच्या विहिरीवर कोणीतरी पंप चालू केला होता, त्याचा आवाज तिच्यातून येत होता.

वासुदेवने भाता मिटला.

“काय झाला?” बाबलीने विचारलं.

“गजो गेलो.”

बाबली त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पायातल्या चपला काढल्या.

“कधी?”

“काल. दुसऱ्या पदाक.”

बाबली ओटीवर चढला आणि मयताच्या घरी बसतात तसा त्याच्या शेजारी बसून राहिला.